टोमॅटोला शेक

रविवारी सकाळी साडेआठला आमच्या घरात कॅलगरीची शनिवार रात्र सुरू होते. भाची तिकडून व्हिडिओ कॉल लावते, ही इकडे फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते आणि पहिली पाच मिनिटं दोन्ही देशांना एकमेकांची फक्त कपाळं दिसतात. मार्चमधल्या एका रविवारी मात्र कपाळाच्या जागी एकदम जांभळा उजेड दिसला. हळदीच्या रात्री मांडवात डीजेवाले सोडतात तसला.

“मामा, बघ! सहा जण आली. दोघं वाटेवर आहेत.”

“आत्ता? रात्री नऊला? जेवून आलीत की जेवायची आहेत?”

सहा जण म्हणजे टोमॅटोची सहा रोपं निघाली. तळघरात एका ट्रेमध्ये उभी होती, काडेपेटीतल्या काडीएवढी, डोक्यावर दोन-दोन पानं. वरून जांभळा दिवा आणि खालून विजेवर तापणारी गादी. गादी बघून मला आमची ताई आठवली, म्हणजे या भाचीची आई. तिच्या गुडघ्यांसाठी मी बोरिवलीहून अशीच एक शेकायची पट्टी आणून दिली होती. ‘फार वीज खाते गं बाई’ म्हणून तिनं ती कपाटात ठेवून दिली. तिचीच मुलगी आता टोमॅटोच्या बियांना चोवीस तास शेक देत होती.

“बाहेर किती आहे?” मी विचारलं.

“उणे बारा. आज बरं आहे.”

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. टोमॅटोच्या बीला उगवायला माती एकवीस ते सत्तावीस अंश उबदार लागते. दहाच्या खाली ती हलत नाही, नुसती पडून राहते. कॅलगरीत हिमाचा भरवसा नसतो, म्हणून रोपं बाहेर लावायची ती व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर. ही सुट्टी पंचवीस मेच्या आधीच्या सोमवारी येते. आणि सप्टेंबरच्या मध्याला हिम परत दारात हजर. म्हणजे उघड्यावर जेमतेम पावणेचार महिने. तेवढ्यात बी टाकून फळ खायचं म्हटलं तर जमत नाही, म्हणून मार्चमध्ये तळघरात बाळंतपण आणि मेअखेरीला अंगणात बारसं.

मी ऐकलं आणि मला फार कीव आली. कीव आली की माणूस नको ते बोलतो.

“अगं, आमच्या भाईंदरला टोमॅटो लावावा लागत नाही. मोरीत उगवतो.”

“तुळशीत पण आला होता,” ही गॅसजवळून म्हणाली. “मीच उपटला.”

“मग लाव ना,” भाची म्हणाली. “बघू, आधी कोण लाल टोमॅटो खातं.”

पैज लागली. पैज लागली की मी विचार करत नाही. विचार करणारा माणूस फंडाचे पैसे घालून तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड असलेला फ्लॅट घेत नाही.

आता लावायचा कुठे? आमच्या करारनाम्यात एक फ्लॉवर बेड आहे. चटईक्षेत्राच्या हिशेबात ही जागा धरत नसत, म्हणून एके काळी मुंबईच्या आसपासच्या इमारतींच्या नकाशांत फ्लॉवर बेड फार बहरले होते. प्रत्येक खिडकीबाहेर दोन फुटांची बाग. कागदावर बघितलं तर आमची इमारत म्हणजे वृंदावन. ताबा मिळाला तेव्हा भिंत दोन फूट पुढे सरकलेली होती आणि बाग खोलीत आली होती. तिथे आम्ही दिवाण टाकला. आमच्या फ्लॉवर बेडमध्ये माझ्या सासूबाई तीन वर्षं झोपल्या.

उरली खिडकीबाहेरची ग्रिल. तिच्यात गणपतीचं मखर, एक चाक गेलेली बॅग, पाण्याचा निळा ड्रम, वाळत घातलेल्या मिरच्या आणि ‘लागेल कधीतरी’ या नावाखाली ठेवलेला एक लोखंडी गज. मखर कपाटावर गेलं. बॅग हिच्या माहेरच्यांना देण्यावर चर्चा झाली आणि ती परत कपाटाखाली गेली. ड्रम हलवता येत नाही, कारण आमच्याकडे पाणी येतं तेव्हा येतं. गज कशाला लागेल ते त्या दिवशी कळलं. टोमॅटोला आधार म्हणून.

माती भाईंदरला फुकट मिळते, पण तिला मिठागराची आठवण असते. खाडी जवळ, पलीकडे राई-मुर्धे-मोर्व्याच्या बाजूला खारजमीन. त्या मातीत टोमॅटो लावला तर कोशिंबिरीत वेगळं मीठ घालायला नको, पण टोमॅटोच येणार नाही. तेव्हा नर्सरीतून लाल माती, शेणखत, गांडूळखत आणि विटेसारखी दाबलेली कोकोपीट. ही वीट पाण्यात टाकली की फुगते म्हणून सांगितलं होतं, किती ते सांगितलं नव्हतं. बादलीतून ती बाहेर आली, परातीत मावली नाही आणि शेवटी हिच्या पुरणाच्या पातेल्यात गेली. त्या प्रसंगावर इथे अधिक लिहीत नाही. चार कुंड्या, माती, खतं, रिक्षा मिळून अकराशे चाळीस रुपये झाले. भाजीवाल्याकडे त्या दिवशी टोमॅटो वीस रुपये किलो होता. सत्तावन्न किलो आले असते. हा हिशेब मी मनातच ठेवला.

बी मात्र फुकटात. बाजारातला एक पिकलेला टोमॅटो घेतला, चिरला आणि बिया पेल्यात काढून दोन दिवस आंबवल्या. बीभोवती जो बुळबुळीत गर असतो तो तिला उगवू देत नाही, तो आंबवून सुटा करायचा. पेला स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हिनं तो सोलकढीचा समजून हुंगला. पुरणाच्या पातेल्यानंतरचं हे दुसरं प्रकरण.

नंतर कळलं की बाजारातला टोमॅटो संकरित असतो आणि त्याची बी आईबापांसारखी निपजेलच असं नाही. मी म्हटलं, आपल्या तरी कुठे निपजतात.

पण उगवली! चौथ्या दिवशी उगवली. गादी नाही, दिवा नाही, तळघर नाही. मार्चअखेर भाईंदरच्या ग्रिलमध्ये दुपारी दोन वाजता जी गादी तापते तिला वीज लागत नाही. कॅलगरीत आठ दिवसांत सहा, भाईंदरला चार दिवसांत बेचाळीस. मी फोन ग्रिलमध्ये नेऊन सगळी पलटण दाखवली. भाची गप्प झाली. तो माझा सगळ्यात चांगला रविवार.

आता कुंड्या चार आणि रोपं बेचाळीस. विरळणी करायची म्हणजे जोमदार ठेवायची, बाकीची उपटायची. ही म्हणाली, “जिवंत रोप उपटायचं? चतुर्थीला?” मग अडतीस रोपं दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत भरून इमारतीत वाटायला निघालो. सोळा बिऱ्हाडं. पहिल्या मजल्यावरच्या बांना वाटलं मी कसलं तरी सोसायटीचं पत्र घेऊन आलोय, म्हणून त्यांनी दार साखळी लावूनच उघडलं. रोप बघून त्यांचा चेहरा फुलला. “टामेटां! बहु सरस!” म्हणत त्यांनी दोन ठेवून घेतली आणि मला खाखरे दिले. सेक्रेटरींनी एक घेतलं आणि विचारलं, “याचं पाणी खाली गळणार नाही ना?” हे वाक्य लक्षात ठेवा.

तिकडे मेमध्ये भाचीचा एक नवीनच उद्योग सुरू झाला. घरात वाढलेलं रोप एकदम बाहेर ठेवलं तर ऊन-वाऱ्यानं त्याची पानं भाजतात. त्याला काटक करावं लागतं. पहिल्या दिवशी तासभर बाहेर, सावलीत. दुसऱ्या दिवशी दोन तास. मग थोडं ऊन. संध्याकाळी परत घरात. असं आठ-दहा दिवस. ती आणि जावईबापू ऑफिसच्या आधी आणि नंतर ट्रे आत-बाहेर करत होते. ही हसून हसून पदर डोळ्यांना लावायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. मला ते ओळखीचं वाटलं. भाईंदरला नव्यानं राहायला आलेल्या माणसाला आम्ही लोकलची सवय अशीच लावतो. पहिला आठवडा दुपारी बाराची स्लो. दुसऱ्या आठवड्यात सकाळी लवकरची, इथूनच सुटणारी भाईंदर लोकल. मग हळूहळू साडेआठची, पण दारात नाही, मधल्या पॅसेजमध्ये. विरारहून भरून येणाऱ्या फास्टच्या वाटेला वर्षभर जायचं नाही. ते उघडं हिम आहे, तिथे जुनी झाडंही टिकत नाहीत.

एप्रिलअखेर माझ्या झाडांना फुलं आली. पिवळी, मान खाली घातलेली, चांदणीसारखी. मी रोज सकाळी मोजायचो. तेवीस. एकतीस. मग एका सकाळी एकोणीस. दुसऱ्या दिवशी अकरा. फुलं देठाच्या गाठीशी पिवळी पडून अलगद खाली येत होती. फळ कुठेच नव्हतं.

इमारतीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावर दृष्ट लागली हे निदान झालं. वॉचमन म्हणाला, पाणी जास्त होतंय. इस्त्रीवाला म्हणाला, कमी होतंय. केळ्याच्या साली घाला, ताक घाला, हिंगाचं पाणी शिंपडा. आमच्या एका मित्रानं तर मोझार्ट लावायला सांगितलं. मी भीमसेन लावले. फुलं तरीही पडली, पण मला बरं वाटलं.

शेवटी हिच्या चुलतभावाला फोन केला. तो नारायणगावाजवळ शेती करतो. नारायणगाव म्हणजे टोमॅटोची पंढरी. जुन्नर बाजार समितीच्या तिथल्या आवारात हंगामात क्रेटांचे डोंगर लागतात आणि देशभरचे ट्रक उभे असतात.

“फुलगळ,” तो एका शब्दात म्हणाला. “दाजी, रात्री किती असतं तुमच्याकडं?”

“सत्तावीस-अठ्ठावीस. आणि घाम.”

“मग कसं धरंल ते? टोमॅटोला दिवसा किती तापलं त्यापेक्षा रात्र गार लागती. आमच्याकडं घाटावर रात्री उतरतं जरा. तुमच्याकडं रात्रीला उतारच नाही.”

कारण असं आहे की रात्र चोवीसच्या वर राहिली तर परागकण नीट पिकत नाहीत, आणि दिवस पस्तिशीकडे गेला तर उरलेले वांझ होतात. फळ धरत नाही, झाड फूल टाकून देतं. मी हे त्या रविवारी भाचीला जरा अपराधी आवाजात सांगितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, “मामा, आमचीही गळतायत.” कॅलगरी समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर. जुलैतसुद्धा तिथे रात्री दहा अंश असतं. आणि तेराच्या खाली गेलं तरी टोमॅटोचा पराग रुसतो. तिनं प्रत्येक झाडाभोवती पाणी भरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचा अंगरखा घातला होता. दिवसा पाणी तापतं, रात्री ती ऊब झाडाला मिळते. मी इकडे कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळत होतो. साडेअकरा तासांचं अंतर, दोन खंड, आणि दोघांच्या अंगणात तीच पिवळी फुलं पडलेली.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या बाजूचं. तिथून मेक्सिकोत गेलं, तिथून स्पॅनिश लोकांनी युरोपात नेलं आणि पोर्तुगीजांबरोबर ते आपल्याकडे आलं असं मानतात. म्हणजे आमच्या खाडीपलीकडे वसईला १५३४ ते १७३९ जे लोक ठाण मांडून बसले होते त्यांच्याच गलबतातून. आमची आजी टोमॅटोला बेलवांगं म्हणायची आणि स्वयंपाकघरात घेत नसे. पाहुणा चारशे वर्षं राहिला तरी तिच्या लेखी पाहुणाच. मला आता तिचं पटायला लागलं होतं. दिवसा पंचवीस-सव्वीस, रात्री सोळा-अठरा, ना फार ऊन ना फार थंडी, पाणी वेळेवर, वारा बेताचा. असं हवामान मागणारा प्राणी मी याआधी एकच पाहिला होता, आमच्या ऑफिसमधले हेडक्लार्क. ते पंख्याचा नंबर ठरवण्यात दुपार घालवायचे.

फुलगळीवर भाचीनं एक उपाय सांगितला. टोमॅटोच्या फुलात पराग एका बंद नळीत असतो. फूल जोरानं थरथरलं तरच तो मिठाच्या डबीतल्यासारखा खाली पडतो. वाऱ्यानं थोडं काम होतं. मधमाशीला हे जमत नाही; जाडा भुंगा मात्र फुलाला लटकतो आणि अंगाची थरथर करतो. युरोपातल्या काचघरांत पूर्वी माणसं थरथरणाऱ्या कांड्या घेऊन फुलाफुलाला हात लावत फिरत. १९८७-८८ च्या सुमारास बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये काचघरवाल्यांनी खोक्यांतून भुंगे विकत आणायला सुरुवात केली आणि माणसं सुटली. भाची विजेवरचा टूथब्रश वापरत होती.

आमच्याकडे टूथब्रश साधा. मी तो घेऊन ग्रिलमध्ये उभा राहिलो तर समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मुलाला आत ओढलं. मग सुचलं, मोबाइल! व्हायब्रेटवर टाकायचा, फुलाच्या देठाला टेकवायचा आणि हिला सांगायचं, फोन कर.

“कुणाला?”

“मला.”

“तुम्ही समोर आहात.”

“म्हणूनच.”

हिनं दोनदा केला, तिसऱ्यांदा म्हणाली भाजी लागेल. मी तसाच उभा राहिलो, एका हातात देठ, दुसऱ्या हातात फोन. पाच मिनिटांनी तो पुन्हा थरथरला. अनोळखी नंबर. कुणीतरी मला पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज द्यायला फोन करत होतं. मी उचलला नाही, वाजू दिला. पूर्ण वाजला. त्यांनी परत केला. दिवसभरात चार कर्जं, एक विमा आणि कर्जतजवळचा एक बंगला-प्लॉट एवढ्यांनी मिळून माझे दोन घोस हलवले. आणि खरं सांगतो, त्यातल्या एका फुलाला शेंगदाण्याएवढं हिरवं फळ धरलं. ते जूनच्या सात तारखेला आलेल्या पहिल्या पावसात गेलं. झाडासकट. कुंडीत पाणी साचलं, खोड बुडाशी काळं पडलं, आणि पानांवर करपा इतक्या वेगानं चढला की सकाळी पाहिलेलं पान दुपारी ओळखू येईना. बांची दोन्ही रोपंही गेली. त्यांनी माझं सांत्वन केलं आणि पुन्हा खाखरे दिले.

तिकडे जुलैत गारा पडल्या. कॅलगरीला गारांची मोठी ख्याती आहे. तो सगळा पट्टाच गारपिटीसाठी नावाजलेला. भाची ऑफिसात होती. जावईबापूंनी टॉवेल, बादल्या, पांघरुणं आणि शेवटी भाचीचा पैठणीवरचा शेला झाडांवर टाकला. झाडं वाचली. शेल्याबद्दल आम्ही विचारलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिनं कॅमेऱ्यासमोर एक टोमॅटो धरला. लाल. लिंबाएवढा. मागे जावईबापू हातात सुरी घेऊन उभे, वाढदिवसाच्या केकपुढे उभे राहतात तसे. आठ फोडी केल्या. शेजाऱ्यांनाही बोलावलं होतं. त्यांच्यातल्या एकानं डोळे मिटून खाल्ली. पैज संपली. मी टाळ्या वाजवल्या, पण गळ्यात काहीतरी अडकलं. ही म्हणाली, “पोहे आहेत ते. हळू खा.”

पुढे दोन आठवड्यांत तिकडे बर्फाचा अंदाज आला. कॅलगरीत याची धास्ती खरी आहे. २०१४ च्या सप्टेंबरात आठ ते दहा तारखेला तिथे असा ओला बर्फ पडला होता की पानांनी भरलेल्या झाडांच्या फांद्या मोडून रस्त्यांवर आल्या. भाचीनं रात्री टॉर्च लावून झाडावरचे सगळे टोमॅटो खुडले. त्रेपन्न. एकूण एक हिरवे. तिकडे लोक ते कागदात गुंडाळून खोक्यात ठेवतात, हळूहळू पिकतात. पण त्रेपन्न?

“मामी, काय करू गं यांचं?”

आणि इथे, माझ्या मते, या सगळ्या प्रकरणात प्रथमच योग्य माणसाला प्रश्न विचारला गेला. हिनं चष्मा लावला, ओट्याशी सरकली आणि फोनशी अशी बोलायला लागली जशी ती माझ्याशी कधी बोलत नाही. आधी दाणे भाज, खमंग, सालं काढू नको. मग तीळ, ते तडतडले की लगेच काढ, तुझी आई जाळायची. थोड्या तेलात जिरं, लसूण, हिरव्या मिरच्या, त्यावर टोमॅटोच्या फोडी, आणि झाकण ठेवू नको. रस सुटतो तो आटू दे, फोडींच्या कडा तांबूस झाल्या पाहिजेत. गार झालं की मीठ, चिमूटभर गूळ, आणि मिक्सर असा फिरव की भरड राहिली पाहिजे. गंध करू नको त्याचं. वरून हिंग-मोहरीची फोडणी. “भाकरी कुठली मिळणार तुला,” ही म्हणाली आणि तिचा आवाज जरा ओला झाला. त्या रात्री त्या दोघी चाळीस मिनिटं बोलल्या आणि टोमॅटो फक्त पहिल्या दहा मिनिटांत होता.

आमचा दुसरा डाव दसऱ्याला. चुलतमेव्हण्यानं एसटीनं बारा रोपं पाठवली, मुळांशी मातीचा गोळा, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सोबत निरोप: “किनारपट्टीला पाऊस सरल्यावरच लावायचं असतं दाजी. तुमची वसंत ऋतू म्हणजे आमची थंडी.” व्याकरण जाऊ द्या, मुद्दा बिनतोड होता. कॅलगरीचा जून आणि भाईंदरचा डिसेंबर यांत टोमॅटोला मनासारखा आमचाच. थंडी असा शब्द आम्ही ज्या गोष्टीला वापरतो, रात्री सोळा-सतरा, वॉचमनच्या डोक्याला माकडटोपी, ती त्याला अगदी हवी तेवढी. सांताक्रूझच्या वेधशाळेत २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशांची नोंद आहे. मुंबईची तेवढी एक रात्र सोडली तर टोमॅटोला इथली कुठलीच जानेवारी नाकारता येणार नाही.

डिसेंबरात फळं धरली. नऊ. कर्जवाल्यांची मदत न घेता. भुंगा आपण होऊन आला, काळा, निळसर पंखांचा, आणि त्यानं फुलाला लटकून असा आवाज काढला की मी फोन खिशात ठेवला.

मग फळांचे तळ काळे पडायला लागले. झाडाला चुना पोचत नाही, आणि त्याचं मुख्य कारण पाणी कधी आहे कधी नाही. ते माझ्या हातात नव्हतं, पण अंड्याची टरफलं माझ्या हातात होती. वाटून कुंडीत घातली. तिसऱ्या दिवशी कावळ्यानं एक मोठा तुकडा उचलला आणि नेमका बांच्या खिडकीत ठेवला. सोळा बिऱ्हाडांत अकरा जैन आणि वैष्णव. बा काही बोलल्या नाहीत. खाखरे मात्र बंद झाले. मी त्याच संध्याकाळी पानवाल्याकडून चुना आणला, पाण्यात कालवून घातला आणि बांच्या दाराशी जाऊन तशी खबर दिली. आठवड्यानं खाखरे परत सुरू झाले.

नऊपैकी चार तळानं गेले. दोन अळीनं पोखरले. दोन उंदरानं नेले. एक उरला, आणि तो तांबूस व्हायला लागला. रोज सकाळी मी चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी उभा राहायचो. देठाकडे अजून हिरवं, खांद्यावर पिवळसर, आणि खाली पोटाशी सूर्य बुडतानाचा रंग. बोटानं हलकं दाबलं की आत काहीतरी मऊ सरकल्यासारखं वाटायचं. आणि वास! टोमॅटोचा खरा वास फळाला नसतो, झाडाला असतो. पानाला हात लागला की बोटांना दिवसभर येतो, हिरवा, किंचित उग्र, कुंभाराच्या ओल्या मडक्यावर कुणी कढीपत्ता चोळल्यासारखा. बाजारातल्या किलोभर टोमॅटोत हा वास येत नाही. अकराशे चाळीस रुपयांत मला तो मिळाला. शनिवारी ठरवलं, उद्या कॉलवर तोडायचा. रविवारी पहाटे उंदरानं अर्धा खाल्ला. अर्धा ठेवला, शेजारधर्म म्हणून.

त्या आठवड्यात बाजारात टोमॅटो पंधरा रुपये किलो. वर कोथिंबीर फुकट. २०२३ च्या जुलै-ऑगस्टात हाच टोमॅटो मुंबईत दीडशे-दोनशेवर गेला होता आणि नारायणगावला वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढे. तेव्हा आमचा भाजीवाला तो पाटीखाली ठेवायचा आणि ओळख असेल तर दाखवायचा. आणि त्याच्या दोन वर्षं आधी, २०२१ च्या ऑगस्टात, किलोला दोन-तीन रुपये मिळतात म्हणून नाशिक-औरंगाबादकडच्या शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला होता. चुलतमेव्हण्याला मी माझ्या एका टोमॅटोची कहाणी सांगितली. तो बराच वेळ हसला, मग म्हणाला, “दाजी, अर्धा राहिला ना? आमचा कधीकधी तेवढाही राहत नाही.” आणि पुन्हा हसला. मी हसलो नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिन्याखालच्या फळ्यावर सोसायटीची नोटीस लागली. इमारतीच्या मागच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर, स्वयंपाकघरांच्या सांडपाण्याच्या पाइपच्या सांध्यातून एक झाड उगवले आहे. त्यामुळे सांध्याला गळती होत आहे. ज्यांचे झाड असेल त्यांनी आठ दिवसांत काढून घ्यावे, अन्यथा वॉटरप्रूफिंगचा खर्च संबंधितांकडून वसूल करण्यात येईल. खाली सेक्रेटरींची सही.

मी मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं. कुणीही न लावलेलं, कुणाच्याही मोरीतून वाहून आलेल्या बीचं, सकाळचं कोवळं ऊन आणि चोवीस तास ठिबकणारं पाणी खाऊन माजलेलं टोमॅटोचं झाड. छज्जाभर पसरलेलं. पानाला डाग नाही. मी मोजले. सतरा लाल, आणि हिरवे मोजता येत नव्हते. तिथवर ना माझा हात पोचत होता, ना उंदराचा.

रविवारी भाची म्हणाली की यंदा तिनं ‘सबआर्क्टिक प्लेंटी’ नावाचं बी आणलंय, अल्बर्टातल्याच बीव्हरलॉजच्या संशोधन केंद्रात थंडीसाठी तयार केलेलं. ट्रे गादीवर ठेवलाय. मी काही न बोलता फोन घेऊन मागच्या खिडकीशी गेलो आणि कॅमेरा खाली वळवला.

“मामा! केवढे आलेत! तुझं झाड?”

खाली अंगणात सेक्रेटरी प्लंबरला घेऊन उभे होते. आवाज ऐकून दोघांनीही वर पाहिलं.

मी फोनचा आवाज बारीक केला आणि म्हणालो, “ही पोहे घेऊन बोलावतेय. मग करतो.”